गल्लीतली शेवटची पेटी

मेइ : स्क्रू नंतर काढा, फान साहेब. आधी चहा घ्या. भिंतीवरची एवढीशी पेटी काढायला चौकीचे उपप्रमुख स्वतः आलेत, माझं भाग्य. गेल्या साली शेजारी चोरी झाली, तेव्हा शिपाईसुद्धा फिरकला नव्हता.

फान : टोमणे नकोत, मेइ मावशी. वरून हुकूम आलाय. शहरातल्या सगळ्या गस्तीच्या पेट्या काढायच्या. यापुढे गस्तीवरचा शिपाई पेटीतल्या कागदावर सही करणार नाही, फोनवर नोंद करणार.

मेइ : म्हणजे इतके दिवस न येता सही करायचे, आता न येता फोन करणार. प्रगती आहे.

फान : अहो, सगळ्या खात्याची नव्यानं मांडणी झालीय. तीन चौक्या मिळून एक विभाग. त्यात माहिती कक्ष, नियोजन कक्ष, नागरिक विश्वास कक्ष...

मेइ : आणि चालणारे किती?

फान : चालणारे म्हणजे?

मेइ : रस्त्यावर. पायांनी.

फान : या भागाला सध्या दोघं. त्यातला एक प्रशिक्षणाला गेलाय.

मेइ : कसलं प्रशिक्षण?

फान : नागरिकांचा विश्वास कसा मिळवावा, त्याचं.

मेइ : नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. घ्या, चहा निवतोय.

फान : मावशी, तुमच्या गल्लीला चिंता कसली? नकाशावर तुमची गल्ली हिरवी आहे. सबंध शहरात इतकी नियमित गस्त कुठेच नाही. दिवसातून दोनदा, दोन वर्षांत चार दिवस सोडले तर एक खाडा नाही. म्हणून तर इथला शिपाई काढून बंदराकडे दिला.

मेइ : आणि चौकीला मानपत्रही मिळालं. बघितला मी फोटो देवळाच्या फलकावर. छान हसलायत तुम्ही. त्या सह्या कुणाच्या आहेत, ते वाचलंत कधी?

फान : वाचलंय.

मेइ : मग सांगा की.

फान : कू वान-शान.

मेइ : बारा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला हवालदार. माझा नवरा. गस्त म्हाताऱ्याची आणि मानपत्र तुम्हाला. लाज नाही वाटली?

फान : महिनाअखेरीला कागद न्यायला मीच यायचो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, वर कळवावं. पण वर फक्त आकडा जातो, मावशी. नाव विचारायला त्यांच्याकडे रकानाच नाही. मीही गप्प बसलो. सोयीचं होतं.

मेइ : कोरे कागद संपले, तेही तुम्हाला कळलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी प्रती काढून आणते. खात्याचं अर्धं काम आमच्याच घरातून चाललंय.

फान : मग आता सुटाल ना त्यातून?

मेइ : कुठली सुटते? परवा यांनी मला विचारलं, "बाई, तुमची तक्रार काय आहे?" सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला. मी म्हटलं, तक्रार काही नाही, जेवून घ्या. मुलाचं नाव गेलं, घराचा नंबर गेला. पण सकाळी आठ आणि दुपारी साडेचार, या दोन वेळा बरोबर आठवतात. गल्लीभर फिरतात, पेटीत सही करतात आणि घरी येतात. पेटी आहे म्हणून घरी येतात, साहेब.

फान : पेटी नसली तर नुसते फिरून येतील.

मेइ : वसंतात भिंतीला रंग देताना चार दिवस पेटी उतरवली होती. पहिल्याच दुपारी ती शोधत निघाले. अकरा तासांनी सापडले, त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या चौकीपाशी, नदीपलीकडे. ती चौकी पाडून तिथे गाड्यांचा तळ झालाय. अनवाणी उभे होते. पायांची सालं निघालेली. मला म्हणाले, "माझी सही राहिलीय." तुम्ही आज पेटी न्या. उद्या मी यांना कुठे शोधू, तेवढं तुमच्या माहिती कक्षाला विचारून सांगा.

फान : मावशी, मला संध्याकाळी वर लिहून द्यायचंय. एकूण पेट्या, काढलेल्या पेट्या, शिल्लक शून्य.

मेइ : द्या ना. मला भीती वाटते, एवढंच सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

(दार सरकतं. खात्याचं जुनं जाकीट घातलेला वृद्ध बाहेर येतो.)

कू : तू कोण? नवा?

फान : हो, साहेब.

कू : पेटीशी काय करतोयस? सही आधी करायची नाही. आधी दारं, मग सही. आमच्या वेळीही होते असले, चौकीत बसून महिन्याच्या सह्या मारणारे.

फान : आताही आहेत, साहेब.

कू : चौदा नंबरची बाई गॅस उघडा ठेवते, वास घ्यायचा. एकोणीसची कडी नीट बसत नाही. बावीसमध्ये हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत हलायचं नाही.

फान : बावीसमध्ये कोण असतं, मावशी?

मेइ : थाय मास्तर. एकटेच असतात. मागच्या महिन्यात न्हाणीत पडले होते. यांच्या हाकेला उत्तर आलं नाही, हे दारातून हलेनात, म्हणून आम्हाला कळलं. नाहीतर हिरव्या नकाशावर ते तसेच पडून राहिले असते.

कू : ही बाई कोण? तक्रार आहे का तिची?

मेइ : नाही, साहेब. तुमचं चालू द्या.

फान : मावशी, पेन द्या जरा. ही बघा यादी. तुमच्या घरापुढे लिहितो, "पेटी काढली." खाली माझी सही.

मेइ : आणि पेटी?

फान : भिंतीवर आहे तिथेच.

मेइ : कुणी तपासायला आलं म्हणजे?

फान : या गल्लीत? आमच्या खात्यातून? कोण येणार, मावशी?

मेइ : हेही खरंच.

कू : गप्पा पुरे. साडेचार होऊन गेले. चल, चौदा नंबरपासून.

फान : मी? त्यांच्याबरोबर?

मेइ : टोपी घाला, फान साहेब. उघड्या डोक्याच्या माणसाला ते गस्तीला नेत नाहीत.