सहा वेळा पुकारलेलं नाव

नेब्रास्कातल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन खुर्च्यांवर कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातला धिप्पाड मिलो बसला होता, तिसरीवर त्याचा सुजलेला गुडघा आणि चौथीवर आई.

"चार वर्षं स्टेडियममध्ये कुडकुडतेय मी. लाउडस्पीकरवर तुझं नाव किती वेळा आलं?"

"सहा."

"कशासाठी?"

"समोरच्याला धरून ठेवलं म्हणून दंड."

"आणि चेंडू घेऊन पळतो त्याचं नाव आपल्या कुत्र्यालाही पाठ."

"समोरच्यांना अडवून त्याला वाट मीच करून देतो, आई."

"ते कोण पुकारतं? शनिवारी तुझी शेवटची मॅच. एकदा तरी चांगल्या कारणासाठी ऐकायचं होतं मला."

"डॉक्टर खेळ म्हणाले, तर बघू."

"मिलो व्होबोरिल," नर्सने पुकारलं.

मिलोने दोन्ही हात वर केले. "मी धरलं नव्हतं."

"हात खाली घे, दवाखाना आहे हा," आई म्हणाली आणि उभी राहून टाळ्या वाजवू लागली.