पाठ लागली, पण तो उठला

माझं नाव सोनबा. आम्ही धनगर, गाव मंठ्याच्या अलीकडं. आजा मेंढरांमागं फिरला, बाप फिरला, मी मात्र जुन्या जालन्यात येऊन पडलो, धान्याच्या आडतीवर पोती उचलायला. अंग मोठं, ते काय मी एकट्यानं कमावलं न्हाई, अर्धं आईचं देणं अन् अर्धं मामानं गावच्या तालमीत रगडून रगडून केलेलं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, अन् तोच माझा वस्ताद. आता लिहून घ्या अन् बराबर लिहा, कारण दहा-अकरा वर्षं झाली, लोक माझीच गोष्ट चुकीची सांगून राह्यले अन् माझ्याच तोंडावर सांगून राह्यले.

पोलीस ॲक्शन झालं, रझाकारी संपली, अन् जालन्याच्या मैदानावर फौजेची पलटण तंबू ठोकून राहिली. त्यात बख्तावर नावाचा उत्तरेकडचा शिपाई होता, माझ्याएवढाच धिप्पाड, मुक्केबाजी खेळायचा. त्याच्या वजनाचा जोड पलटणीत मिळेना. त्यांच्या सुभेदारानं मला आडतीवर पोतं उचलताना बघितलं अन् विचारलं, पहलवान, लड़ोगे क्या. मी हो म्हणलो. मला कुठं ठाऊक मुक्केबाजी काय असते. पंधरा दिवस त्यांनीच शिकवलं, हातात ते फुगीर मोजे घालून. तीन फेऱ्या असतात, पकडायचं न्हाई, खाली पडला तर दहापर्यंत मोजतात, तेवढ्यात उठला तर परत लढायचं. हे सुभेदारानं मला बी समजावलं अन् मामाला बी समजावलं. मामा हसला. पाठ लागली की लागली, कुस्ती तिथंच संपली, त्यात मोजायचं काय, म्हणला. मी बी हसलो. न्हाई हसायला पाहिजे होतं.

लढतीच्या दिवशी मामा गावाकडून तीन बैलगाड्या भरून माणसं घेऊन आल्ता, वर हलगीवाला बी आणल्ता. तिकडं फौजी खुर्च्यांवर गप बसलेले अन् इकडं आमचं गाव रिंगणाच्या दोराला लोंबकळून राह्यलं. पहिली फेरी त्याची. माझा ओठ फुटला, डोळा सुजला, खोटं कशाला सांगू तुम्हाला. दुसरी बराबरीची. तिसरीत तो जरा पुढं आला अन् माझा उजवा हात त्याच्या जबड्यावर बसला. उताणा पडला, दोन्ही खांदे जमिनीला.

अन् मंग मी काय केलं माहिती? पंचाकडं बघितलं सुद्धा न्हाई. खाली ताडपत्री अंथरलेली होती, माती न्हाई का काही न्हाई, त्या ताडपत्रीलाच हात लावून कपाळाला लावला अन् हात वर केले. लहानपणापासून कुस्ती मारली की दुसरं काय केलं होतं? पंच मोजून राह्यला, अन् मामा दोर ओलांडून आत, त्याच्यामागं सगळं गाव आत. मला खांद्यावर घेतलं, हलगी सुरू. वरून मला दिसलं, पंचानं आठ म्हणलं अन् बख्तावर उठला. पाय लटपटत होते पण उठला, मोजे वर केले अन् माझी वाट बघत उभा राहिला. मी ओरडून राह्यलो, मामा खाली ठेव, तो उठला, मामा, खाली ठेव. हलगीत कोण ऐकतं. पंचानं हात झटकले. तुमची माणसं आत आली, तुम्ही बाद, म्हणला. म्हणजे जिंकला बख्तावर, बिलकुल कायद्यानं जिंकला. त्यांनी त्याचा हात वर केला तेव्हा मी आमच्या लोकांच्या खांद्यावर नाचून राह्यलो होतो, माझ्या मर्जीविरुद्ध.

पुढं पलटण गेली. बख्तावर मोठा झाला, मोठा चँपियन. मी आडतीवरच. त्याचं मला काही न्हाई. पण औंदा कुणीतरी पेपर आणला, त्यात त्यानं सांगितलं होतं की सुरुवातीच्या दिवसांत जालन्याच्या एका पहलवानानं मला आडवं केलं होतं, ती लढत अटीतटीची झाली. एवढंच. तर गावानं काय वाचलं, आमच्या सोनबानं चँपियनला हरवलं. लगेच सत्कार काढला. मी मामाला म्हणलो, मी हरलोय. मामा म्हणला, पाठ लागली होती. काय बोलायचं ह्या माणसाशी?

गेलो सत्काराला, न जाऊन करतो काय. मामा फेटा घेऊन उभा. मी म्हणलो, मी जिंकलो न्हाई, तो उठला होता. तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणला, बघा, एवढा मोठा पहिलवान अन् किती नम्र. असं डोकं फिरलं माझं. मंग मी मोजायला लागलो. पंच मोजायचा तसं, सावकाश, एक, दोन. तीनपर्यंत पोरं हसली. पाचाला गप झाली. आठाला मी थांबलो अन् म्हणलो, इथं उठला तो. अजून दोन बाकी होते, अन् फेरी बी बाकी होती. तुम्ही मला ती लढू दिली न्हाई. जिंकलो असतो का हरलो असतो, ते मला मरेपर्यंत कळणार न्हाई, अन् तुम्ही मला फेटा बांधून राह्यले.

तो फेटा मी मामाच्या हातात परत दिला अन् खाली उतरलो.

आठ दिवस गावातलं कुणी धड बोललं न्हाई. बोलू नका म्हणलं. बख्तावर कुठं असेल तिथं त्याचं भलं होवो, आख्ख्या दुनियेत खरं सांगणारा तो एकटाच निघाला. काल मामा आला, ओट्यावर बसला. आता त्याला दिसतं बी कमी. म्हणला, सोन्या, मी आत आलो नसतो तर?

अकरा वर्षांनी विचारतो माणूस. म्हणलं, मला बी ठाऊक न्हाई मामा. चहा घे.