तीनचे ठोके, दोनदा

सोलांज : कॉफी गार झाली, बाबा.

ओदिलॉन : होऊ दे. हे कितवं गाव?

सोलांज : तिसरं. सकाळपासून फिरतोय, तुमचे तिन्ही मनोरे बघून झाले.

ओदिलॉन : बघितले कुठे? खालून नुसती मान वर केली. एकतीस वर्षं दर शनिवारी वर चढून घड्याळांना चावी दिली, ते बघणं.

सोलांज : आता मोटर आहे.

ओदिलॉन : हो. मोटरला धाप लागत नाही.

सोलांज : दुपारचं बदक आवडलं का?

ओदिलॉन : बदक होतं ते?

सोलांज : बाबा!

ओदिलॉन : खरंच. चावलं, गिळलं. तू काय खाल्लंस?

सोलांज : ...आठवत नाही.

ओदिलॉन : मग झालं तर. ती बाई आपला फोटो काढतेय बघ.

सोलांज : आपला नाही, मागच्या गुलाबाच्या वेलीचा. सरकायचं का?

ओदिलॉन : राहू दे. एखादा म्हातारा असला की प्रवाशांना गाव खरं वाटतं.

सोलांज : साडेतीनला पोचायचंय. वृद्धाश्रमाच्या बाई दारात थांबणार आहेत.

ओदिलॉन : दोन आठवडे म्हणालीस ना?

सोलांज : हो. तुमचा घोटा बरा होईपर्यंत.

ओदिलॉन : दोनच?

सोलांज : दोनच.

(मनोऱ्यावरचं घड्याळ तीनचे ठोके देतं.)

ओदिलॉन : दीड मिनिट मागे आहे. मोटर असून.

सोलांज : निघू या?

ओदिलॉन : थांब, अजून वाजायचेत.

सोलांज : वाजले की तीन.

ओदिलॉन : घड्याळवाल्याची पोरगी ना तू? दोन मिनिटांनी पुन्हा तेच ठोके. शेतातल्या माणसाचं मोजायचं चुकलं, तर परत मोजता यावं म्हणून.

सोलांज : माहीत आहे, बाबा. शहरात राहून कान विसरलेत.

ओदिलॉन : सकाळी मी माझी पेटी उघडली होती.

सोलांज : का?

ओदिलॉन : दाढीचा ब्रश घेतलास का बघायला. घेतलायस. लोकरीचा कोटही घेतलायस.

सोलांज : संध्याकाळी वारा सुटतो तिकडे.

ओदिलॉन : जून आहे, सोलांज, ऐन उन्हाळा. आणि कोटात तुझ्या आईचा फोटो. काच फुटू नये म्हणून छान गुंडाळलायस.

सोलांज : बाबा, मी...

ओदिलॉन : रागावलो नाही. राग यायला हवा होता, पण आलाच नाही. काहीच होत नाहीये मला. तुला?

सोलांज : मलाही नाही. सकाळपासून नुसती गाडी चालवतेय.

ओदिलॉन : मघाशी विचारलं तेव्हा तुझं मोजायचं चुकलं. आता परत विचारतो, वाजायच्या आत. किती दिवस?

सोलांज : कायमचं, बाबा.

ओदिलॉन : बरं.

सोलांज : ऐका, वाजले.

ओदिलॉन : ...दोन, तीन. बरोबर आहे. त्या आश्रमात कुठल्या गावचे ठोके ऐकू येतात?

सोलांज : कुठलेच नाहीत. सगळ्यात आधी तेच विचारलं मी त्यांना.

ओदिलॉन : विचारलंस होय?

सोलांज : हो.

ओदिलॉन : आण ती कॉफी इकडे. गारच चालेल.