उडीद लाभ

परवा आश्विन वद्य सप्तमीला मी ओसरीत भाजणीच्या डाळी निवडत बसले व्हते आणि नीताचा, म्हंजे माझ्या लेकीचा, पुण्याहून फोन आला. म्हनली, आई, चकली तेलात पडली की तुकडं व्हत्यात, आणि सासूबाई हितंच उभ्या हायेत. म्या म्हनलं, रडू नगं, आजीनं सांगितलेला कागद वाच.

आजी म्हंजे माझी सासू, आमी त्यांना आत्याबाई म्हणतो. माझं म्हायेर उत्रोली, लगीन होऊन विंझरला आले तवा या घरात किलो न्हाई न् ग्रॅम न्हाई, आत्याबाईंचं एक पितळी चिपटं, आणि काय सांगू तुमाला, दिवाळी आली की निम्मी आळी भाजणी मापून घ्यायला हितं यायची, आत्याबाई पदर खोचून मधी बसायच्या, शिगेनं चिपटं भरायच्या आणि आमाला म्हनायच्या, बघताय काय, पाट्या उचला. पंचवीस वर्सं म्या पाट्याच उचलल्या, मापाला त्यांनी हात लावू दिला न्हाई. आता त्यांचं डोकं एक दिवस जाग्यावर असतं, दोन दिवस नसतं. माप त्यांच्यासंगं गेलं तर या घरची चकली गेली, एवढी साधी गोष्ट.

नीतानं वाचलं, तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, मूग अर्धं, धणे अर्धं. म्या म्हनलं, उडीद कुठंय? म्हनली, आजी तिथं मापत व्हती, मी फोनवर ऐकून लिहीत व्हते, उडदाला नुसतं लाभ म्हनली, मला वाटलं देवाचं काय तरी पुटपुटतीय. म्या म्हनलं, अगं, पयल्या मापाला एक म्हनत न्हाईत, लाभ म्हनत्यात, लाभ, दोन, तीन. चिपटंभर उडीदच न्हाई, मग चकली धरंल कशानं? ती म्हनली, मला तुमची चिपटी कळत न्हाईत, ग्रॅमात सांग.

मग म्या शेजारच्या दुकानातून वजनकाटा आणला. आत्याबाई त्या दिवशी बऱ्या व्हत्या. काटा बघून म्हनल्या, माझ्या हातावर भरवसा न्हाई व्हय? म्हनलं, मला हाय, तुमच्या नातीला न्हाई. त्या मापायच्या, मी तोलून लिहायची. तांदळाचं चिपटं दोनशे सत्तर भरलं, डाळीचं जरा कमी, आणि अर्धं चिपटं धणे साठसुद्धा भरले न्हाईत, तांदळाच्या हिशेबानं टाकले असते तर चकली नुसती धण्याची लागली असती. उडदाला त्या थांबल्या, चिपटं हातात तसंच, म्हनल्या, हे कुणाच्या लग्नाचं? म्या म्हनलं, नीताच्या दिवाळीचं, मापा. हात आपला बरोबर शिगेपर्यंत गेला.

मेथीला त्यांनी चिपटं बाजूला सारलं आणि तीन बोटांची चिमूट घेतली. काट्यावर टाकली तर शून्य. परत टाकली तरी शून्य. दुकानातला काटा तो, त्याला चिमूट कुठं कळायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅमचा कागद मोबाईलवर पाठवला, आत्याबाईंकडून मेथीची चिमूट परत घेऊन पुडी बांधली आणि पयल्या एस्टीला कंडक्टरकडं दिली, म्हनलं, स्टँडवर लेक येईल, नीट ठेवा. पुडी हलकी लागली तसं त्यानं इचारलं, मावशी, काय हाय ह्याच्यात? म्या म्हनलं, माप.