पाव व्होल्ट

नाही भाऊ, व्होल्टेज मी वाढवणार नाही. रॅम वाढवून देतो, साफसफाई करतो, पण ते नाही. — पाहिला असेल तुम्ही व्हिडिओ, मीपण पाहिलेत — वेगाचा आकडा वाढवा, सोबत व्होल्टेजचा, कॉम्प्युटर पळेल. पळतो ना, मी कुठं नाही म्हणतोय? पण हा प्रोसेसर, याला लागतं किती? निवांत असला की एक व्होल्टच्याही खाली, कामाला जुंपला की सव्वाच्या आसपास. मॉडेलप्रमाणे थोडं इकडंतिकडं. काही नवे तर घटकाभर आपले आपणच वर जातात, परत खाली येतात — ते त्यांचं ते बघतात. आपण दीडवर नेऊन तिथंच खिळवून ठेवायचं नाही. फरक किती, म्हणाल — पाव व्होल्ट! भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलमध्ये दीड असतात, त्यानं काय होतंय? मलापण असंच वाटलं होतं. — बसा ना, उभे का?

जळत नाही हो तो. जळला असता तर बरं झालं असतं — धूर निघाला असता, मी जागच्या जागी सापडलो असतो. तो चालत राहतो अन् आतून झिजतो. मग हिशेबात चुकायला लागतो, फायली बिघडवून ठेवतो, अन् चुकतोय हे कुणाला सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी इथं दोंडाईच्यातच एक बाई यायच्या माझ्याकडं, रिटायर मास्तरीण. सगळी नोकरी शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या पाड्यांवर झालेली. तिथं मोगराबाई म्हणून एक म्हातारी होती, ऐंशीच्या पुढची, सुईण. अर्धा पाडा तिच्या हातावर जन्मलेला. बाळंतिणीजवळ बसून म्हणायची गाणी होती तिच्याजवळ, अन् कोण कुठल्या पावसाळ्यात झालं, कुठल्या झाडाखाली झालं — बठ्ठं तोंडपाठ. या बाई मोबाईल घेऊन जायच्या अन् तिचा आवाज भरून आणायच्या. घरी कॉम्प्युटरवर आवाज साफ करायचा, फायली बांधून ठेवायच्या, मोबाईल रिकामा करून परत वर. चार महिने चाललं होतं. मला म्हणाल्या, नवलभाऊ, मशीन फार रांगतं हो, म्हातारी थांबायची नाही माझ्यासाठी.

अन् मी वेग वाढवला, व्होल्टेज दीडवर नेलं. विचारलं का त्यांना? नाही विचारलं. दहा मिनिटं चालवून पाहिलं, पळालं — दिलं. खरं तर ते रात्रभर ताणून बघायचं असतं. पण मला त्यांच्या तोंडून ‘वा’ ऐकायचं होतं, दुसरं काही नाही. म्हणाल्यापण त्या, वा!

मग मोगराबाई गेली, पौषात. अन् महिन्याभरानं बाई दुकानात आल्या, ते मशीन घेऊन, सोबत म्हातारीची लेक — सुनिता. ती सकाळची पाड्यावरून निघालेली. तुम्ही बसलात ना, तिथंच बसली. फायली लावल्या — निम्म्या उघडेनात, उघडल्या त्यात चार शब्द यायचे की खर्रर्र... परत दोन शब्द, परत खर्रर्र. ती लेक एकदम पुढं वाकली, म्हणाली, मन्ही मायना आवाज शे ना हाऊ? — मी म्हणालो, हो, तुमच्या आईचाच. ती म्हणाली, मंग पुढलं लावा ना. — पुढलं कुठून लावू? मोबाईलमधलं तर केव्हाच पुसलेलं.

मला कळलं होतं हो. तिसऱ्या फायलीलाच कळलं होतं. अन् बाईंनी विचारलं, कशानं झालं? तर मी काय म्हणालो — तुमच्या घरची लाईट कमी-जास्त होते, स्टॅबिलायझर लावायला पाहिजे होता. असं म्हणालो. सहज, चहा सांगावा तसं. तेव्हा बाई त्या पोरीकडं वळल्या, हात जोडले — त्यांच्याच शाळेत शिकलेली पोर, तिच्यापुढं, इथं, या काउंटरसमोर — म्हणाल्या, सुनिता, चुकलं गं माझं. मी उभा होतो. हातात स्क्रूड्रायव्हर होता. मशीन ठेवून जा म्हणालो, अन् त्या गेल्यावर पहिलं काम काय केलं? आकडे परत खाली आणले. पुरावा पुसला! प्रोसेसर दुसरा बसवून दिला, वर म्हणालो, राहू द्या अक्का, तुमच्याकडून काय घ्यायचं. केवढ्या खूश झाल्या. अजून माणसं पाठवतात माझ्याकडं — नवल प्रामाणिक आहे म्हणून —

थांबा. तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं?

...कोकिळाअक्कांनी? कोण तुम्ही त्यांचे? — भाचे. मग आधी का नाही... हो, मीच कुठं बोलू दिलं तुम्हाला.

नका, उठू नका. म्हणजे — तुम्ही सांगू नका. तुमच्या तोंडून नको. नंबर आहे माझ्याकडं, रोज काढतो अन् परत ठेवतो. आज तुम्ही समोर आहात तर... हे बघा, लावला. रिंग जातेय. — हॅलो, अक्का? मी नवल. नाही, त्यांचं काम होईल, ते नाही... दुसरं सांगायचंय, त्या फायलींचं —

भाऊ, तुम्ही बाहेर थांबा जरा. जा.