अर्धा हात

हो, तसाच उभा राह्यलो, मास्तर — डावा पाय पुढे, वजन मागच्या पायावर. अन् हात पुरा नाई फिरवाचा, अर्धाच, कमरेतून वळाचं — कालपासून तेच सांगून राहिले तुमी. कामठीले ते पेन्शनीतले मिल्ट्रीवाले साहेब काठीनं गोल्फ खेळतेत, म्हातारपणी तेयनं असाच हात धरला म्हनता, खांद्याले तरास नाई. बरं आहे. साहेबाचा चेंडू कोनाच्या कपाळाले नाई लागत. घ्या, पाहा हा गोटा — पडला डबा कुंपनावरून. तुमी हासून राहिले. मी काऊन नाई हासत, इचारा नं.

तुमी शाळेत कसरत शिकवाले आत्ताच आले, म्हनून सांगतो. उद्या पोळ्याचा दुसरा दिवस, म्हंजे गोटमार. जाम नदीत मधात पळसाचं झाड गाडतेत, तोच झेंडा. आपले पांढुर्ण्याचे पोट्टे तो आनाले जातेत, पलीकडचे सावरगाववाले अडवतेत, अन् दोन्ही काठावरून गोटे — खरेखुरे गोटे, मास्तर. रागानं कोनी नाई मारत, देवीचं आहे ते, संध्याकाळी डोकं फुटलेले बी गळा भेटतेत. छ्याऐंशी साल लागलं, गावात टीव्ही आले, पन गोटमार तशीच. अन् आमच्या गल्लीचा पह्यला गोटा माह्या हातचा. शेजारचा श्रावण दफडं वाजवत दारात येते, मंग मी निघतो. औंदा म्हटलं, बाप्पा, माहा खांदा गेला. तं म्हनते, गुणवंताजी, तुमी नाई तं आमी नदीत उतरतच नाई. घ्या आता.

खांदा? खांद्याले काय धाड भरली — दुखते थोडासा, पन तेवढं चालते. तुमाले आनलं ते येच्यासाठी का म्हाताऱ्याचा हात शिकवान तं गोटा पान्यातच पडन. लोकायले जोर दिसन, पोचन नाई. अन् झालं उलटंच — पुऱ्या हातानं कधीमधी हुकत तरी होतो, ह्या अर्ध्या हातानं हुकतच नाई.

पान्यात काऊन? काऊन म्हंजे — हिरामन, माहा जवाई, सावरगावचा. औंदा तेच्या गल्लीनं तेले झेंड्यापाशी उभं कराचं ठरवलं. तो हटला तं सासऱ्याले भेला म्हनतीन. मी घरी बसलो तं पोरीपायी गाव इकलं म्हनतीन. अडकित्त्यातल्या सुपारीवानी झालं, मास्तर, दोन्हीकडून. भेव लागते मले, खोटं काऊन बोलू. पोरगी वच्छला पोळ्याले आली, रातच्याले परत सावरगावले जाते, आत्ता आत भाकरी थापून राहिली. अडवत नाई. सकाळी एवढंच बोलली, "बाबा, तेयले पिवळा शर्ट घालून धाडीन. तुमाले दुरून ओळखू आले पाह्यजे." आता तिले कोन सांगन — जे डोयाले दिसते तिकडेच माहा हात जाते. जनमभर तेच शिकवलं तेले.

तवा मले हुकाचं शिकवा. येत नाई? कोनालेच शिकवता येत नाई? मंग थांबा, डबा ठेवा परत कुंपनावर, मीच पाहतो. डब्याकडे पाहतच नाई, त्या बाभळीवर नेम धरतो — अर्धा हात, कमरेतून —

पडला? डबाच पडला?

ऐका. आत भाकर थापनं थांबलं, डबा पडलेला पोरीनं ऐकला.

जा तुमी, मास्तर. ती बाहेर याच्या आदी मागच्या दारानं जा.