दुसरी गोलकीपर

मी लोनावळ्याकडच्या कान्हे गावची. हितंच जन्मले, हितंच वाढले. घरची भातखाचरं, अप्पा म्हंजे माझे वडील, ते आन आई राबायचे, आमी तिघी बहिनी, मी मधली. लावनीच्या दिवसात अप्पा बांधावरनं रोपांच्या जुड्या फेकायचे आन मी चिखलात उबी राहून झेलायचे, पानी गळत्या जड जुड्या, एखादी सुटली की आईच्या तोंडावर चिखल उडायचा, मग आई जी बोलायची, काय सांगू तुमाला! झेलायला मी तितं शिकले, दुसरं कुटं न्हाई.

शाळेत एक सर आलते कोल्हापूरचे, त्यांना फुटबॉलचं येड. पोरं कबड्डी सोडंनात, म्हनून सरांनी मुलींना गोळा केलं. मला पळायचा लय कंटाळा, मी आपली दोन दगडांच्या मधी उबी. सरांनी बॉल मारला, मी झेलला, परत मारला, परत झेलला. सर म्हनाले, पोरी, आता तितनं हलू नको.

पुन्याला निवड झाली तवा चुलते घरी आले, म्हनाले पोरगी चड्डीवर खेळनार, लोकं काय म्हनतील. अप्पा थोरल्या भावापुढं कधी बोलले न्हाईत, त्या दिवशी बोलले. म्हनाले, दादा, ती खाचरात चिखल तुडवती तवा तिचे पाय कुनाला दिसत न्हाईत, मग आत्ताच कसे दिसले? चुलते चहा न घेता गेले.

मग जिल्हा, मग राज्य, आन एकोनिसाव्या वर्षी भारताच्या संघात. पन गोलात एकच उबी राहती ना ताई. पयली होती मनिपूरची, माझ्यापेक्षा मोठी, सगळ्या तिला दीदी म्हनायचो. मी दुसरी. दुसरीनं काय करायचं, तर मॅचच्या आधी पयलीला बॉल मारून द्यायचे, तिचे हात गरम करायचे, आन मग बाकावर बसायचं. पाच वर्षं बसले, व्हय, पाच वर्षं. इमानात बसले, किती देश बघितले, पन सगळे बाकावरनं. गावात बाया इचारायच्या, किती गोल केले गं? मी म्हनायचे, मावशी, मी गोल करायला न्हाई, अडवायला हाय, आन अजून अडवलाबी न्हाई.

मग एका परदेशातल्या मॅचला दीदी बॉलवर पडली आन समोरचीचा बूट तिच्या हातावर आला, बोट मोडलं. आता खरं सांगते, लपवत न्हाई. दीदी कळवळत होती आन मला आनंद झाला. घडीभरच, पन झाला. कोच म्हनाले, ऊठ. हातमोजे चढवताना माझी मलाच लाज वाटत होती. उतरले, आन पयलाच बॉल, साधा, सरळ अंगावर आलेला, हातातनं निसटून आत गेला. मला वाटलं, देवानं बरोबर केलं.

तवर दीदी हाताला पट्टी बांधून गोलच्या मागं आलती, डॉक्टर थांब म्हनत असताना आलती. पंचांनी तिला तितनं हाकलायच्या आत मला म्हनाली, गेला तो माझ्या नावावर, हितनं पुढचे तुझे. मग कसे अडवले मला आठवत न्हाई, एक तर तोंडानंच अडवला, नाक फुटलं. शेवटी आमच्या पोरींनी एक गोल केला, बरोबरी झाली.

रातच्या जेवनाला दीदीचा उजवा हात प्लास्टरमधी, मी तिला भात कालवून भरवत होते, आन राहवलं न्हाई, सांगून टाकलं, तू पडलीस तवा मला बरं वाटलं. दीदी हसली. म्हनाली, माझ्या आधीचीचा पाय मुरगळला तवा मला काय वाटलं असंल? चल, घास भरव.

पुढं चार मॅचा मी खेळले. मग दीदी बरी होऊन आली आन मी परत बाकावर, पन खोटं न्हाई सांगत, आता ते बसनं जड गेलं न्हाई. नंतर माझा गुडघा गेला, खेळ थांबला.

आता लोनावळ्याला शाळेत खेळाची बाई हाय मी. पगार हाय, अप्पा हायत, आई हाय, दीदीचा फोन येतो, आनखी काय पायजे मानसाला? सकाळी मुलींना शिकवते. गोलात उब्या राहनाऱ्या दोन हायत, एक कार्ल्याची, एक वरच्या ठाकरवाडीतली. दोघी चांगल्या. दोघी एकमेकीकडं कशा बघतात ते मला कळतं, मी दोघींना सारखे बॉल मारते. देवाकडं येवढंच मागते, बाबा, दोघींचे हातपाय धड ठेव, आन एकीला बसायची पाळी आली तर दुसरी दीदीसारखी असू दे.